नट किती आवळावा? टॉर्क पान्याचे वाचन आणि वापर

सोयगाव (प्रतिनिधी) – अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरच्या तिठ्यावर आले, की एका बाजूस लेण्यांकडे निघालेल्या पर्यटकांची वर्दळ दिसते, तर दुसऱ्या बाजूस जळगावच्या दिशेने जाणाऱ्या मालमोटारी. घाटाने तापलेली चाके येथे थांबतात, पंक्चर निघते, चाक पुन्हा चढते. अखेरीस मिस्त्री लांब दांड्याच्या पान्यावर एक पाय देतो, अंगाचा भार टाकतो आणि ‘बसला’ असे म्हणून बाजूला होतो. नट किती आवळला गेला, याचे उत्तर त्याच्या पायाला ठाऊक असते; आकड्यात ते कोणालाच सांगता येत नाही.

येथून सुमारे शंभर किलोमीटरवर, याच जिल्ह्यातील वाळूज येथे १९८५ मध्ये बजाजचा कारखाना उभा राहिला आणि २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. वाहन कारखान्यांत महत्त्वाचा प्रत्येक बोल्ट ठरलेल्या आकड्याइतकाच आवळला जातो. त्यातून बाहेर पडलेले वाहन पहिल्या दुरुस्तीसाठी गावातील गॅरेजात शिरले, की तो आकडा मागे पडतो आणि हाताचा अंदाज पुढे येतो. या दोहोंना जोडणारे साधन म्हणजे टॉर्क रेंच, कारागिरांच्या बोलीतील टॉर्क पाना. अलीकडे तो हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतो व अनेक वाहनमालकही तो विकत घेतात. तो वाचावा कसा आणि वापरावा कसा, हे मात्र पेटीतील बारीक अक्षरांच्या चिठ्ठीवरून क्वचितच उमगते.

पाना नेमके काय मोजतो?

टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. मध्यापासून एक मीटर अंतरावर एक न्यूटन बल लावले, की एक न्यूटन-मीटर टॉर्क होतो. एक न्यूटन म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅम वजनाचा भार. विहिरीच्या रहाटाचा दांडा जितका लांब तितके कमी श्रम, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना वेगळे स्पष्टीकरण नको. ११० न्यूटन-मीटरचा टॉर्क ४५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याने द्यायचा, तर मुठीवर सुमारे २५ किलोचा जोर लागतो. त्याच पान्यात पाईप घालून लांबी एक मीटर केली आणि तेवढाच जोर दिला, तर टॉर्क २४५ न्यूटन-मीटरपर्यंत जातो. ‘पाईप लावून थोडा कसला’ या वाक्यातील ‘थोडा’ हा दुपटीहून अधिक असतो!

येथे एक मूलभूत गैरसमज दूर केला पाहिजे. पाना दाखवतो तो पीळ. आपल्याला हवी असते ती पकड. बोल्ट आवळला जातो तेव्हा तो एखाद्या ताठर स्प्रिंगप्रमाणे किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. हा दाब पुरेसा असेल, तरच चाक हबला चिकटून राहते आणि हेड गॅस्केटमधून वायू निसटत नाही. मात्र आपण दिलेल्या पिळापैकी साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात खर्च होतो. प्रत्यक्ष ताणाच्या वाट्याला येतो तो जेमतेम दहावा हिस्सा. घर्षणात झालेला लहानसा बदल या दहाव्या हिश्शाला मोठा धक्का देतो.

उदाहरण १२ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे घेऊ. त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असेल, तर तो ८.८ प्रतीचा. असा बोल्ट कायमचा न ताणता सुमारे ४८,९०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ पाच टन वजनाएवढा ताण सोसतो. सर्वसाधारण प्रघात असा, की त्याच्या ७५ टक्के, म्हणजे पावणेचार टनांच्या आसपास ताण द्यावा. आटे कोरडे असतील, तर त्यासाठी सुमारे ८८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आता कोणी सद्हेतूने आट्यांना तेल लावले आणि पाना ८८ वरच ठेवला, तर घर्षण घटल्याने तोच आकडा बोल्टला थेट पाच टनांच्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. पाना खोटे बोललेला नसतो, तरीही काम बिघडलेले असते. म्हणूनच पुस्तिकेतील आकड्याशेजारी ‘कोरडे’ किंवा ‘तेल लावून’ असा उल्लेख आहे का, हे पाहणे आकड्याइतकेच महत्त्वाचे. चाकाच्या नटांबाबत पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल, तर आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून कोरडेच ठेवावेत.

जमिनीखालील नळातून आलेले साधन

या पान्याच्या कल्पनेचे श्रेय न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा विभागात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना दिले जाते. जमिनीखालील जलवाहिन्यांच्या जोडांचे बोल्ट कामगार प्रमाणाबाहेर आवळीत व ते तुटत. त्यावर उपाय म्हणून १९१८ च्या सुमारास त्यांनी जोर मर्यादित ठेवणारा पाना तयार केला. पुढे मोटारींच्या इंजिनांनी त्याला घरोघरी नव्हे, तरी गॅरेजोगॅरेज पोहोचवले.

आज बाजारात त्याचे प्रामुख्याने चार प्रकार दिसतात. सर्वांत साधा काट्याचा. यात मुख्य दांडा जोराने किंचित वाकतो, शेजारची बारीक सळई मात्र सरळ राहते आणि तिचे टोक पट्टीवरील आकडा दाखवते. यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. काटा शून्यावर नसेल, तर सळई हलकेच वाकवून तो शून्यावर आणता येतो. अडचण एवढीच, की काटा समोरून, डोळा त्याच्या अगदी वर ठेवून वाचावा लागतो. तिरकस पाहिल्यास दोन-चार न्यूटन-मीटरची गफलत सहज होते आणि इंजिनाच्या खोबणीत वाकून काम करताना समोरून पाहणे ही चैनच ठरते. तबकडीचा प्रकार त्याचाच सुधारित भाऊ. डिजिटल पाना आकडा थेट दाखवतो, मात्र बॅटरीवर अवलंबून असतो. गॅरेजांत आणि घरगुती वापरात सर्वाधिक आढळतो तो चौथा, ‘टक्’ असा आवाज करणारा पाना. गोंधळही त्याच्याच वाचनात अधिक होतो, म्हणून तो थोडा तपशिलात पाहू.

दोन पट्ट्यांचे वाचन

या पान्याच्या दांड्यावर एक उभी पट्टी कोरलेली असते आणि फिरत्या मुठीच्या कडेवर दुसरी, गोल पट्टी. शाळेच्या प्रयोगशाळेत मायक्रोमीटर स्क्रूगेज हाताळलेल्यांना ही मांडणी ओळखीची वाटेल. वाचनाची रीतही तीच: मुख्य पट्टीवरील आकडा अधिक गोल पट्टीवरील आकडा.

अर्ध्या इंची चौकोनाचा, २८ ते २१० न्यूटन-मीटर क्षमतेचा पाना बाजारात सर्रास मिळतो. त्याच्या मुख्य पट्टीवर २८, ४२, ५६, ७०, ८४, ९८, ११२ अशा १४-१४ च्या टप्प्याने रेषा असतात. मूठ एक पूर्ण फेरा फिरली, की एक टप्पा पुढे सरकतो. गोल पट्टीवर शून्यापासून पुढे एकेक न्यूटन-मीटरच्या खुणा असतात. समजा, ११० न्यूटन-मीटर हवे आहेत. प्रथम मुठीच्या टोकाची कळ सैल करावी. मूठ फिरवून तिची कड ९८ च्या रेषेवर आणावी. त्या वेळी गोल पट्टीचा शून्य दांड्यावरील उभ्या मध्यरेषेशी जुळलेला हवा. तेथून मूठ पुढे फिरवत गोल पट्टीवरील १२ मध्यरेषेवर आणावा. ९८ अधिक १२, झाले ११०. मग कळ पुन्हा आवळावी. ही कळ आवळायची राहिली, तर काम चालू असताना मूठ सरकत जाते आणि पहिला नट ११० ला, तर पाचवा भलत्याच आकड्याला बसतो.

नेहमीची चूक अशी: मुठीची कड ११२ च्या रेषेजवळ दिसते म्हणून शिकाऊ हात ११२ अधिक १२ असे १२४ वाचतो. कडेने ११२ ची रेषा पूर्ण गाठलेली नसते, तोवर मोजायची ती मागची, म्हणजे ९८ ची रेषा.

दांड्याच्या दुसऱ्या अंगाला बहुधा फूट-पौंडांची पट्टी असते. एक फूट-पौंड म्हणजे १.३५६ न्यूटन-मीटर. जुन्या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर भेटतात. असा एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. पुस्तिकेत ८० फूट-पौंड लिहिलेले असताना पाना ८० न्यूटन-मीटरवर लावला, तर नट हव्या त्या टॉर्कच्या चौथ्या हिश्शाहून अधिक ढिला राहतो. तरीही पाना ‘टक्’ म्हणतोच आणि कारागीर निश्चिंत होतो.

पाना निवडतानाही क्षमता पाहावी. पट्टीच्या अगदी तळाशी, कमाल आकड्याच्या २० टक्क्यांखाली, अशा पान्यांचा भरवसा कमी. मोटारीच्या चाकासाठी घेतलेल्या पान्याने दुचाकीचा स्पार्क प्लग किंवा तेलाचा बोल्ट कसू नये. प्रस्तुत प्रतिनिधीच्या दुचाकीचे तेल बदलताना एका गॅरेजात तेलाच्या बोल्टवर असाच दणकट हात पडला होता. अॅल्युमिनियमचे आटे गेले आणि शंभर-दोनशेच्या कामाला नवे आटे पाडण्याचा खर्च व तीन दिवसांची बसवारी जोडली गेली. मऊ धातूतील बारीक आट्यांसाठी लहान क्षमतेचा, पाव किंवा तीन-अष्टमांश इंची पाना वेगळा घ्यावा लागतो.

हात कसा चालावा?

पान्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: सावकाश ओढा आणि पहिल्या ‘टक्’ला थांबा. प्रत्यक्षात बहुतेक जण खात्रीसाठी दोन-तीनदा ‘टक्-टक्’ करतात. प्रत्येक जादा टकेसरशी नट थोडा पुढे सरकू शकतो. हिसका दिल्यास हात आवाजापुढे निघून जातो. हा पाना मर्यादा गाठल्याची सूचना देतो, पुढचा जोर रोखत नाही, हे अनेकांना ठाऊकच नसते. आकडा लहान असला, की आवाजही क्षीण येतो. गोंगाटाच्या गॅरेजात तो कानाने ऐकण्यापेक्षा तळहाताला जाणवतो.

हात मुठीच्या मध्यावर असावा. पाईप लावू नये. गोटीला जोडलेला उभा दांडा आकडा बदलत नाही. पान्याच्या लांबीच्या रेषेत पुढे आलेली पट्टी मात्र बदलते. पान्याची लांबी ४० सेंटिमीटर आणि जोडपट्टी १० सेंटिमीटर असेल, तर १०० न्यूटन-मीटर मिळवण्यासाठी पाना ८० वर लावावा लागतो, कारण ४० भागिले ५० म्हणजे ०.८. तीच पट्टी काटकोनात लावली, तर दुरुस्तीची गरज पडत नाही.

आधीच आवळलेल्या नटावर पाना लावून ‘टक्’ ऐकली आणि नट ठीक आहे असे मानले, ही आणखी एक पळवाट. नट हव्या त्यापेक्षा कितीही अधिक आवळलेला असला, तरी पाना ‘टक्’ म्हणणारच. शंका असल्यास नट अर्धा फेरा सोडून पुन्हा आवळावा. सोडण्यासाठी मात्र साधा पाना घ्यावा. गंजलेल्या नटावर टॉर्क पाना उलटा मारणे, म्हणजे सोन्याच्या काट्यावर भुसार तोलण्यासारखे आहे. अनेक पाने एकाच दिशेने मोजतात. जुन्या पद्धतीच्या मालमोटारींना डाव्या बाजूच्या चाकांवर उलट आट्यांचे नट असत, तेथे हा प्रश्न हमखास येतो.

क्रमालाही महत्त्व आहे. चाकाचे नट एकाशेजारी एक असे न आवळता समोरासमोरचे आवळावेत. पाच नट असल्यास चांदणी काढतो त्या क्रमाने. चाक उचललेले असताना ते हलक्या हाताने बसवावेत आणि चाक जमिनीला टेकल्यावर अखेरचा आकडा द्यावा. इंजिनाच्या हेडचे बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूस, दोन किंवा तीन टप्प्यांत आवळतात. सोयगावसारख्या कापूस-मक्याच्या तालुक्यात ऐन पेरणीत ट्रॅक्टरचे हेड उघडावे लागले, तर सुटे भाग आणण्यासाठी पाचोरा किंवा जळगाव गाठावे लागते. एका बाजूने आधी आवळलेले हेड वाकडे बसते, गॅस्केट पुन्हा जाते आणि दुसऱ्यांदा हेड उघडेपर्यंत जमिनीतील वाफसा निघून गेलेला असतो. शेतकऱ्याचा तोटा मजुरीच्या बिलात कुठेच दिसत नाही.

अलीकडच्या अनेक इंजिनांत आकडा दोन भागांत दिलेला असतो: आधी अमुक न्यूटन-मीटर, मग ९० अंश. घर्षणाच्या लहरीपणावर अभियंत्यांनी काढलेला हा तोडगा. ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट मोजक्या कोनातून फिरवला, की तो किती ताणला जाणार हे आट्यांच्या पेचावरून ठरते. तेल-पाण्याचा प्रश्न बराचसा मागे पडतो. असे बोल्ट काही वेळा मुद्दाम कायमचे ताणले जातात. पुस्तिकेत ते एकदाच वापरण्याचे सांगितले असेल, तर जुने बोल्ट पुसून पुन्हा लावण्यात काटकसर नाही.

‘टक्’ ऐकू आली, तरीही

आवाजावर विसंबण्याची मर्यादा दाखवणारी एक घटना विमान वाहतुकीच्या इतिहासात नोंदलेली आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॅप्टनसमोरील काच सुमारे १७,३०० फूट उंचीवर निखळली. कॅप्टनचे अर्धे शरीर बाहेर ओढले गेले. विमानातील कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले आणि कॅप्टन बचावले. उड्डाणापूर्वीच ती काच बदलण्यात आली होती. तपासात आढळले, की ९० पैकी ८४ बोल्ट हव्या त्यापेक्षा किंचित कमी व्यासाचे होते.

हे बोल्ट आवळण्यासाठी टॉर्क मर्यादित ठेवणारा स्क्रूड्रायव्हरच वापरला होता. मात्र बारीक बोल्टचे आटे नटातून घसरताना हाताला जो झटका बसतो, तो साधन मर्यादेला पोहोचल्याच्या झटक्यासारखाच भासू शकतो. योग्य साधन आणि योग्य आकडा असूनही बोल्ट चुकीचा होता. म्हणून अनुभवी कारागीर नट आधी हाताने पूर्ण आट्यांवर फिरवून पाहतात. बोटांना आटे सैल किंवा अडखळते वाटले, तर पाना हातीच घेत नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना ही सवय लागली, तर आकडा वाचण्याची सवय तिच्यामागोमाग येते.

निगा आणि तपासणी

काम संपल्यावर पाना पट्टीवरील किमान आकड्यावर आणून ठेवावा, म्हणजे आतील स्प्रिंगवरचा दाब उतरतो. किमान आकड्याच्याही खाली, मूठ पार ढिली होईपर्यंत फिरवू नये; त्याने आतील भाग जागचे हलतात. पाना हातोडी-छिन्नीच्या ढिगात न टाकता पेटीत ठेवावा. उंचावरून पडलेला पाना वरून धड दिसला, तरी तपासल्याखेरीज वापरू नये.

हाताच्या टॉर्क साधनांसाठी आयएसओ ६७८९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार १० न्यूटन-मीटरच्या वर क्षमता असलेल्या पान्यात अधिक-उणे ४ टक्के, तर त्याहून लहान पान्यात ६ टक्के चूक ग्राह्य धरतात. निर्मात्याने वेगळे सांगितले नसेल, तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तपासणी करावी. दिवसाला वीस नट कसणाऱ्या गॅरेजात हा आकडा अडीचशे दिवसांत पुरा होतो. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासणी करून घेतल्यास प्रमाणपत्रही मिळते.

प्रयोगशाळा दूर असेल, तर ढोबळ पडताळणी घरीही करता येते. पान्याचा चौकोन वाईसमध्ये घट्ट धरून पाना आडवा ठेवावा. मध्यापासून बरोबर ५० सेंटिमीटरवर मूठ पोहोचत असेल, तर तेथे दहा किलोचे वजन टांगावे. त्याने ४९ न्यूटन-मीटर टॉर्क होतो. पाना आखूड असल्यास २५ सेंटिमीटरवर वीस किलो. पान्याचे स्वतःचे वजनही त्यात थोडी भर घालते, एवढे ध्यानात ठेवावे. आकडा ४५ वर असताना ‘टक्’ यावी आणि ५५ वर येऊ नये. ६० वर असतानाही ती येत असेल किंवा ४० वरही येत नसेल, तर पाना बाजूला ठेवणेच बरे. वजने मात्र किराणा दुकानातील प्रमाणित घ्यावीत, दगड-विटांचा अंदाज नको.

चाक बदलल्यावर नट एकदाच कसून भागत नाही. रंग, गंज वा धुळीचा थर दाबला जाऊन पकड किंचित सैल होते. म्हणून ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर, चाके थंड असताना, त्याच आकड्यावर नट पुन्हा तपासावेत असे वाहन उत्पादक सुचवतात. फर्दापूरला चाक बदललेल्या गाडीसाठी हा टप्पा उत्तरेकडे जाताना जळगावच्या आसपास येतो आणि घाट चढून दक्षिणेकडे जाताना छत्रपती संभाजीनगरच्या.